भात सोडला, पोट मात्र तिथेच

प्रश्न : माझं वय ४४. राहते फोंड्याला, नोकरी पणजीत १८ जून रस्त्यावरच्या एका बँकेत. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. दोन मुलं, दुसऱ्या वेळी सिझेरियन. पाच महिन्यांपूर्वी वजन ७४ होतं. तेव्हापासून रात्रीचा भात बंद केला, त्याऐवजी तीन चपात्या खाते. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. सोमवार आणि संकष्टी करते. रोज १०० सिट-अप्स काढते. पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले, त्यानंतर काटा हलेना. पोट तर होतं तसंच, उलट सिट-अप्स करताना मधोमध उंचवटा येतो. मैत्रीण चरबी जाळणारी पावडर आणि पोटाला बांधायचा घामाचा पट्टा घे म्हणते. घरात चौघांचं मीच रांधते आणि सगळ्यांना दुपारी हुमण-भातच (माशांची आमटी आणि भात) लागतो. तो सोडावाच लागेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर :

नमस्कार. सगळ्यात आधी सिट-अप्स थांबवा, आजपासूनच. तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य तुमच्या पत्रात सर्वांत महत्त्वाचं आहे : पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. तो चरबीचा नसतो.

पोटाच्या पुढच्या बाजूला वरून खाली जाणारे दोन स्नायू असतात आणि मधोमध तंतूंची एक पट्टी त्यांना जोडून ठेवते. गरोदरपणात ही पट्टी ताणली जाते. पुष्कळ जणींची ती काही महिन्यांत बऱ्यापैकी आवळते, काहींची मात्र वर्षानुवर्षं सैल राहते. अशा पोटावर सिट-अप्स काढले की आतला दाब त्या सैल पट्टीतून बाहेर ढकलतो आणि उंचवटा दिसतो. रोज शंभर वेळा तसा दाब देऊन पोट सपाट होणार नाही. मान आणि कंबर दुखायला लागेल ते वेगळंच.

घरी तपासून पाहा. सकाळी रिकाम्या पोटी जमिनीवर उताणं पडा, गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर. एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर आडवी टेकवा आणि फक्त डोकं व खांदे थोडे उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा आवळलेल्या जाणवतील. मधल्या खळगीत दोन किंवा जास्त बोटं मावत असतील, किंवा बोटं खोल रुतत असतील, तर स्नायू फाकलेले आहेत असं धरून चाला आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. हीच तपासणी बेंबीच्या खालीही करा. खोकताना बेंबीपाशी किंवा टाक्यांच्या जागी गाठीसारखं काही बाहेर येत असेल तर तो हर्निया असू शकतो, त्यासाठी सर्जन गाठा. ती गाठ कडक झाली, दुखू लागली, सोबत उलट्या झाल्या, तर वाट न पाहता इस्पितळात जायचं.

म्हणजे ज्याला आपण ‘पोट’ म्हणतो त्यात तुमच्या बाबतीत निदान तीन गोष्टी आहेत. सैल पडलेली पोटाची भिंत, कातडीखालची चिमटीत येणारी चरबी, आणि आतड्यांभोवती व यकृतापाशी साठलेली आतली चरबी. तब्येतीला खरा धोका या आतल्या चरबीचा. साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी यांचं नातं तिच्याशी असतं. दिलासा एवढाच की खाणं आवरलं आणि चालणं वाढवलं की साधारणपणे तीच आधी कमी व्हायला लागते. बेंबीखालची चिमटीतली चरबी सर्वांत शेवटी हलते, आणि आरशात दिसते तीच. त्यामुळे फरक पडत असूनही पडत नाही असं वाटत राहतं. ज्या भागाचा व्यायाम करतो त्याच भागाची चरबी जळते, हा समज चुकीचा आहे. शरीर चरबी कुठून काढायची हे अनुवंश, वय आणि हार्मोन यांनुसार ठरवतं. चाळिशीनंतर पाळी अनियमित व्हायला लागते तसं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरतं, आणि पूर्वी मांड्या-नितंबांवर जाणारी चरबी पोटाकडे वळते. तुमच्या वयाच्या स्त्रिया ‘खाणं तेवढंच आहे, पोट कुठून आलं’ म्हणतात, ते खोटं नसतं.

भारतीय स्त्रियांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. दुसरा सोपा हिशोब उंचीच्या निम्म्याचा, तो तुमच्यासाठी ७८ येतो. तुमची ९४ आहे. एवढा फरक दोन-तीन महिन्यांत भरून निघणार नाही, पण त्यातले पहिले चार-सहा सेंटिमीटर कमी झाले तरी रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) यांत फरक दिसू शकतो. मापही एकाच पद्धतीने घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप, टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर. पोट सकाळी बरं असतं आणि संध्याकाळपर्यंत तट्ट फुगतं, असं होत असेल तर तो फुगवटा वायूचा किंवा बद्धकोष्ठाचा. चरबी दिवसभरात कमी-जास्त होत नाही.

आता काटा का थांबला ते पाहू. सुरुवातीच्या तीन किलोंतला काही भाग पाणी होता. शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा करतं तेव्हा दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. खाणं घटलं की तो साठा उतरतो आणि वजन भराभर कमी झाल्यासारखं दिसतं. त्यानंतर खरी चरबी जायची पाळी येते आणि तिथे हिशोब चोख लागतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तुमचं वय, उंची आणि बैठं काम पाहता दिवसाला १८०० च्या आसपास कॅलरी खर्च होत असाव्यात. चालणं धरून रोज ४०० ची तूट पडली तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातील, महिन्याला दीड किलोच्या आतबाहेर. यापेक्षा घाई नको. १२०० च्या खाली गेलात की थकवा येतो, केस गळतात आणि स्नायू झिजतात.

तुमची तूट नाहीशी झाली ती रात्रीच्या ताटात. २०० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे २६० कॅलरी. ३५ ग्रॅम कणकेची एक चपाती १२० ची, त्यात कणकेतलं, तव्यावरचं आणि वरून लावलेलं तेल-तूप मिळून एक छोटा चमचा धरला तर १६०. अशा तीन म्हणजे ४८०. भात सोडून तुम्ही रोज दोनशे कॅलरी वाढवल्यात. भातात काही दोष नाही आणि चपातीत काही पुण्य नाही. उकड्या तांदळाचा भात थोडा सावकाश पचतो, पेजही पोट धरते, पण वजनाला वजन पाहिलं तर शिजलेल्या भाताच्या कॅलरी जवळपास सारख्याच.

तेव्हा हुमण-भात सोडू नका. फक्त तो मापात बसवा, आणि माप धरायचं ते नारळ आणि तेल यांचं. भाताचं माप सगळेच धरतात, हे दोन मात्र आपल्या स्वयंपाकघरात नजरेआड राहतात.

ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी असतात. चौघांच्या हुमणाला अर्धा नारळ वाटला तर साधारण साडेपाचशे-सहाशे, म्हणजे दर ताटाला १४०-१५०. त्यात दुसऱ्या भाजीत वरून चव (खवलेलं खोबरं), संध्याकाळी तोंडाकात (उसळीसारख्या कालवणात) पुन्हा वाटण, असं धरत गेलं की एका माणसाच्या पोटात दिवसाला तीनशे कॅलरी निव्वळ नारळाच्या जातात. चौघांना पाव नारळ घ्या. हुमण पाणचट होईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी वाटणात चमचाभर भिजवलेले तांदूळ आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त धणे घाला, मसाला अगदी बारीक वाटा आणि चोथा फेकू नका. आमसूल आणि तिरफळं तेवढीच ठेवा, चव त्यांच्यावर उभी असते. आणि नियम एकच : दिवसातून एकाच पदार्थात नारळ. दुपारी हुमण असेल तर रात्रीचं कडधान्य कांदा-टोमॅटोवर.

सोलकढीबद्दल एक गोष्ट इथेच. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि त्याच्या नावाने वजन उतरवणाऱ्या गोळ्या विकल्या जातात. त्याचा माणसांवर दिसलेला परिणाम नगण्य आहे. कोकमाचं साधं पाणी, साखर न घालता, हवं तेवढं प्या. नारळाच्या दाट रसातली सोलकढी मात्र नारळाच्या खात्यात धरा.

तेलाचा हिशोब बाटलीवर करा. नवी बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहा. एक लिटर चौघांत सात दिवसांत संपत असेल तर माणशी रोज ३५ मिली, म्हणजे जवळजवळ ३०० कॅलरी. तेच लिटर बारा दिवस पुरवलं तर १७० वर येतं. काहीही न सोडता रोज सव्वाशे कॅलरी कमी. हे जमतं ते मुख्यतः मासळीत. रवा लावून भरपूर तेलात तळलेली तुकडी बरंच तेल पिते. त्याऐवजी बांगड्याला मीठ-मसाला लावून जाड तव्यावर एका चमचा तेलात झाकण ठेवून भाजा. तळणीचं तेल गाळून पुन्हा फोडणीला वापरायची सवय असेल तर तीही मोडा.

तुमच्या ताटात कमी पडतंय ते प्रथिन. तुमच्यासाठी दिवसाला ७०-७५ ग्रॅम हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. प्रथिन कमी पडलं की भूक लवकर लागते, आणि उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू गेले की खर्च घटतो आणि काटा आणखी हट्टाने बसतो.

दिवस असा लावता येईल. सकाळी एक पोई (गव्हाच्या कोंड्याचा गोल पाव) आणि दोन अंडी, तेल एक चमचा : साडेतीनशे कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिन. पोई पावापेक्षा बरी, कारण कोंड्यामुळे पोट भरतं, पण पुष्कळ ठिकाणी तिच्यातही मैदा असतोच, म्हणून ती पौष्टिक आहे म्हणून दोन खायच्या नाहीत. डब्यात दीडशे ग्रॅम भात, म्हणजे एक सपाट वाटी, पाव नारळाच्या हुमणातल्या मोठ्या दोन तुकड्या आणि वाटीभर भाजी : पाचशे कॅलरी, २६ ग्रॅम. तांबडी भाजी, वाल, भेंडी, दुधी, काहीही चालेल. चार वाजता ताक आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, फुटाणे : दीडशे, ८ ग्रॅम. बँकेतून सुटल्यावर बस स्टँडवरचा पाव-भाजी आणि मिरची भजीचा मोह टाळायला हेच चार वाजताचं खाणं उपयोगी पडतं, ते चुकवू नका. रात्री तेल न लावलेले दोन फुलके, वाटीभर अळसाण्याची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ, कांदा-काकडी आणि छोटी वाटी दही : साडेचारशेच्या आत, १९ ग्रॅम. दोन चहा अर्ध्या चमचा साखरेचे. बेरीज दीड हजार कॅलरी आणि ७४ ग्रॅम प्रथिन होते. रात्री फुलक्यांऐवजी भात हवा असेल तर दीडशे ग्रॅम घ्या, फरक काहीच नाही. दोन्ही एकत्र मात्र नको.

पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवा. नजरेचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी भरतो, विशेषतः भाताचा. पुढे वाटी ठरून गेली की काटा लागत नाही.

मासळी नसते ते दिवस आधीच ठरवून ठेवा, कारण घोळ तिथे होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, लगेच श्रावण लागतो, मध्ये सोमवार आणि संकष्टी. या काळात ताट भात, बटाटा आणि नारळावर येऊन ठेपतं. तेव्हा मूगगाठी (मोड आलेल्या मुगाचं कालवण), चवळी, ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (१५ ग्रॅम प्रथिन), ८० ग्रॅम पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, यांपैकी दोन गोष्टी रोज हव्यात. सुकी खारी मासळी प्रथिनाला उत्तम, पण मीठ फार. रक्तदाब असेल तर ती आठवड्यातून एखाद्या वेळी, नीट भिजवून.

उपवास देवासाठी करत असाल तर जरूर करा. वजनासाठी म्हणून तो तुमच्या उपयोगी पडलेला नाही. ताटलीभर साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, बटाटा आणि तूप मिळून साडेचारशे-पाचशे कॅलरी जातात आणि प्रथिन जेमतेम सात ग्रॅम. त्या दिवशी वरीचा भात एक वाटी, दही, राजगिरा, भाजलेले शेंगदाणे एक मूठ आणि एखादं फळ असं ठेवा. संध्याकाळी उपवास सोडताना दोन जेवणं एका ताटात बसवू नका. सकाळच्या लिंबू-मधाने चरबी जात नाही. लिंबू राहू दे, मधाच्या मोठ्या चमच्यामागे साठ कॅलरी असतात.

चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) खायच्याच. जेवणाबरोबर, ताटात वाढून घेऊन, एक किंवा दोन. त्रास देतो तो डबा, जो पुढे दहा दिवस ओट्यावर असतो. मोठी तळलेली नेवरी २०० कॅलरींच्या घरात जाते. पाहुण्यांसाठीचा डबा बंद करून वरच्या फळीवर ठेवा आणि त्या आठवड्यात वजन करू नका. मीठ आणि गोडामुळे साचलेलं पाणी पाहून उगाच हिरमोड होतो.

मुलांच्या ताटात उरलेलं खायची सवय असेल तर ती दिवसाला शंभर-दीडशे कॅलरींची असू शकते. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा.

आता व्यायाम. तुमचा बसमधला वेळ आणि बँकेतली खुर्ची धरली तर दिवसाचे नऊ-दहा तास बसण्यात जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं हवं, पोट उतरवायचं तर २०० च्या पुढे. झपझप म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असा वेग. सकाळी पणजीच्या स्टँडवर उतरून पाटो पुलावरून १८ जून रस्त्यापर्यंत पायी गेलात, संध्याकाळी तसेच परतलात, तर कामाच्या दिवशी अर्धा तास सहज भरतो. रविवारी फर्मागुडीचा चढ घ्या. एप्रिल-मेमध्ये उकाड्यामुळे सातच्या आत आटोपा. पावसाळ्यात इमारतीचे जिने : पाच मिनिटं चढउतार, दोन मिनिटं थांबा, असं तीन वेळा. गुडघे दुखत असतील तर चढा जिन्याने, उतरा लिफ्टने. उतरतानाच गुडघ्यावर भार जास्त येतो.

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम. खुर्चीवर टेकल्यासारखं करून उठायचं, १० वेळा. ओट्यावर हात ठेवून तिरप्या अंगाने दंड, ८ वेळा. पाच किलो तांदळाची पिशवी, एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने कमरेपर्यंत ओढायची, प्रत्येक बाजूला १०. उताणं पडून गुडघे दुमडून कंबर उचलायची, वर दोन सेकंद थांबायचं, १२ वेळा. या चारही गोष्टी तीन फेऱ्यांत, मध्ये मिनिटभर विश्रांती. दोन दिवस सलग सगळं सोपं वाटलं की पिशवीत एक किलो वाढवा. भार वाढवला नाही की सहा आठवड्यांनी शरीर तिथेच थांबतं.

पोटाच्या भिंतीसाठी वेगळं काम, रोज पाच मिनिटं. उताणं पडा, गुडघे दुमडलेले. तोंडाने हळू श्वास सोडत बेंबी मणक्याकडे ओढा, कंबर जमिनीला दाबू नका. तो ताण राखून एक टाच जमिनीवरून घसरवत पाय सरळ करा, परत आणा. प्रत्येक पायाने ८ वेळा. उंचवटा दिसला तर हालचाल लहान करा. दोन-तीन आठवड्यांनी उंचवटा येत नसेल तर दोन्ही पाय काटकोनात उचलून एकेक पाय खाली टेकवा. श्वास कधीही रोखायचा नाही, रोखला की दाब पुन्हा त्याच पट्टीवर येतो. पोटाची ठेवण सुधारायला तीन-चार महिने लागतात. तांदळाची पोती किंवा भरलेली कळशी उचलतानाही श्वास सोडतच उचला.

घामाच्या पट्ट्याने पाणी जातं, ते एका तांब्यात परत येतं, आणि आपल्या दमट हवेत कातडीवर पुरळ उठतं. पावडरींत बहुधा भरपूर कॅफीन असतं, त्याने छाती धडधडते आणि झोप उडते. हिरव्या चहाच्या तीव्र अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. पट्टा आणि पावडर, दोन्ही घेऊ नका. त्या पैशात तपासण्या करा : रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइड), एसजीपीटी (यकृत), हिमोग्लोबिन. थायरॉइड मंद असला तर वजन वाढतं, पण सहसा थोडेच किलो, आणि त्यातलं बरंच पाणी असतं. गोळी सुरू झाली की बाकीचं खाण्या-चालण्यानेच उतरवावं लागतं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर ताट कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर अचानक खाली येऊ शकते. घोरणं फार असेल, झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल, तर तेही सांगा. झोप सहा तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाची तर नक्कीच.

चार आठवडे हे सगळं नेमाने केल्यावर आठवड्याच्या सरासरीत वजन किलोभर तरी उतरायला हवं आणि कंबर एक सेंटिमीटर. दोन्ही जागचे हलले नाहीत तर ताट आणखी लहान करण्याआधी तेलाच्या बाटलीवरची तारीख पाहा आणि तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढा, चवीपुरतं तोंडात टाकलेलंही. गळती बहुतेक तिथे सापडते. नाही सापडली, तर दुपारच्या भातातून ५० ग्रॅम कमी करा आणि चालणं दहा मिनिटांनी वाढवा. माशांच्या तुकड्या, अंडी आणि उसळ यांना मात्र हात लावू नका.